सोलापूरला लोकल हवी, पण कोणासाठी?

प्रश्न असा आहे: "मी जुळे सोलापुरात राहतो, काम चिंचोळी एमआयडीसीत. चुलतभाऊ मोहोळहून रोज कॉलेजला येतो. दौंडपासून दुहेरी मार्ग झाला, वरून वीजही आली. मग मोहोळ-सोलापूर-होटगी अशी लोकल का सुरू करत नाहीत? लोकल आली की सिटी बसचं रडगाणंच संपेल, असं इथं सगळे म्हणतात. खरं आहे का?"

माझी तीस वर्षं रेल्वेच्या परिचालन विभागात गेली, त्यातली निम्मी सेक्शन कंट्रोलरच्या खुर्चीत, म्हणजे गाड्या पुढे काढणं, मागे ठेवणं आणि त्यासाठी सगळ्यांच्या शिव्या खाणं. निवृत्तीनंतर दोन-तीन शहरांच्या बसची वेळापत्रकं बांधायला मदत केली. त्या अनुभवावरून सांगतो. तुमच्या भावाचा प्रश्न रेल्वे सोडवू शकते. तुमचा सोडवू शकत नाही. आणि सोलापुरातला सगळ्यात मोठा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत, तो कुंभारीच्या रे नगर या कामगार वसाहतीचा. त्याकडे शेवटी येतो.

आधी रूळ कुठून जातात ते डोळ्यांपुढे आणा. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे १८६० साली मोहोळवरून सोलापूरला पोचली. पुढे गुलबर्ग्याकडे रूळ जायला आणखी दहाएक वर्षं लागली. ही वाट वायव्येकडून बाळ्यावरून येते, स्टेशनात थांबते, मोदी भागातून आसरा पुलाखालून टिकेकरवाडीकडे उतरते आणि होटगीला जाते. म्हणजे शहराच्या पश्चिम-दक्षिण कडेनं ती निघून जाते. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या चालू होत्या तोवर हे सोयीचं होतं. कापूस रेल्वेनं यायचा आणि कामगार भोंगा ऐकून पायी यायचा. गिरणगावाला बस लागायचीच नाही.

पुढे गिरण्या बंद पडल्या आणि काम सरकलं पूर्वेला. यंत्रमाग, टॉवेल, चादर, विडी, शिलाई हे सगळं अशोक चौक, साखर पेठ, अक्कलकोट रोड एमआयडीसी या बाजूला. १९९२ च्या हद्दवाढीत शहर एका फटक्यात सुमारे ३३ चौरस किलोमीटरवरून पावणेदोनशेच्या वर गेलं. शेळगी, दहिटणे, मजरेवाडी, सोरेगाव, केगाव अशी गावं शहर झाली. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाखांच्या आसपास होती, म्हणजे पाचपट जागेत विखुरलेलं शहर. आता तुम्हीच सांगा, शहराच्या एका कडेनं जाणारा रूळ पूर्व भागातल्या बाईला मागावर कसा पोचवणार?

लोकलचा विषय निघाला की पुणे-लोणावळ्याचं उदाहरण येतंच. ती १९७८ साली सुरू झाली आणि अजून भरून चालते. पण खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी ही स्टेशनं पाहा. रुळाच्या दोन्ही अंगांना कारखाने आणि कारखान्यांच्या मागे चाळी. तिथं गाडी माणसाच्या दारात थांबते. आपल्याकडे बाळे सोडलं की पाकणी, मग मुंढेवाडी, मग मोहोळ. पाकणीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत, टँकर मोजता मोजता दमाल, पण स्टेशनाबाहेर पडून दहा मिनिटांत कामावर हजर होतील अशी किती माणसं? चिंचोळीची एमआयडीसी नकाशावर त्या बाजूला दिसते खरी. पण सकाळच्या पाळीला पाकणीला उतरलेला माणूस पुढे कशानं जाणार, त्याचं उत्तर कुणाकडे नसतं. शेवटी वडापच, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी जीप-रिक्षा. मग तो वडाप घरापासूनच का धरणार नाही?

जुळे सोलापूरची मंडळी दर काही वर्षांनी आसरा पुलाशी हॉल्टची, म्हणजे छोट्या थांब्याची मागणी करतात. सोपं वाटतं ते. पण हॉल्ट फुकट नसतो. गाडी थांबवणं, पुन्हा वेगात आणणं यात तीनेक मिनिटं जातात आणि मागून येणाऱ्या गाडीचा पाथ, म्हणजे तिला राखून ठेवलेली वेळ, तितका मागे ढकलला जातो. तेही चालेल, जर माणसं मिळणार असतील तर. आसऱ्यावरून स्टेशन चार-पाच किलोमीटर. एवढ्यासाठी कोण जिना चढून तिकीट काढून गाडीची वाट पाहील? हॉल्टचा उपयोग उलट बाजूच्या माणसाला आहे. कुर्डुवाडी, माढा, मोहोळहून येणारा विद्यार्थी किंवा होटगी रस्त्यावर कामाला येणारा माणूस स्टेशनात उतरून पुढे दुसरं वाहन शोधण्याऐवजी थेट आसऱ्याला उतरेल. हॉल्ट मागायचाच तर त्याच्या नावानं मागा, स्वतःच्या नको.

आता रेल्वे जिथं खरंच कामाची आहे तिथं येऊ. तीस ते ऐंशी किलोमीटरचा टप्पा. सोलापूरहून मोहोळ ३३ किलोमीटर, कुर्डुवाडी ७९, उलट बाजूला होटगी १५ आणि पुढे तिलाटी, अक्कलकोट रोड, दुधनी. या पट्ट्यात रोज ये-जा करणाऱ्याला मासिक पास इतका स्वस्त पडतो की एसटी त्याच्या जवळपासही येत नाही. मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत घर ते शाळा-कॉलेज दुसऱ्या वर्गाचा पास रेल्वे फुकट देते, हे गावोगावच्या किती पालकांना माहीत आहे? कोविडच्या काळात पॅसेंजर गाड्यांना एक्सप्रेसचं भाडं लावलं, दहा रुपयांचं किमान तिकीट तीसवर गेलं. ते २०२४ च्या फेब्रुवारीत पुन्हा खाली आलं. पण मधल्या काळात तुटलेली माणसं अजून पूर्ण परतलेली नाहीत. त्यात मार्च २०२३ पासून एसटीनं बायकांना अर्ध तिकीट केलं. मोहोळच्या बाईला एसटी दारातून मिळते, तीही अर्ध्या पैशांत. रेल्वेला आता स्वस्ताई पुरणार नाही, वेळ पाळावी लागेल.

आणि वेळच पाळणं कठीण आहे. ही मुंबई-चेन्नई मुख्य लाइन आहे. मेल-एक्सप्रेस आहेत, वाडीकडून सिमेंट येतं, होटगीजवळच्या एनटीपीसीच्या १३२० मेगावॉटच्या वीज केंद्राला कोळसा लागतो. कोळशाची मालगाडी थांबवून मोहोळची पॅसेंजर पुढे काढ, असं म्हणायची हिंमत कंट्रोलमध्ये कुणाची होत नाही, माझीही क्वचितच झाली. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूर-मुंबई वंदे भारत आली, तेव्हा सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. पण वेगवान गाडी स्वतःपुढे लांब मोकळा रस्ता मागते. तिच्या पुढे निघालेली सावकाश गाडी कुठल्या तरी स्टेशनात लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर जाऊन बसते आणि आत बसलेल्यांना वाटतं, ड्रायव्हर चहा प्यायला गेला. दुहेरी मार्गानं समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबणं संपलं. मागून येणारीला वाट देणं संपलेलं नाही.

म्हणून दर अर्ध्या तासाला लोकल हे सोलापुरात होणार नाही, आणि मागण्यात अर्थही नाही. मागायची ती मेमू, म्हणजे वेगळं इंजिन नसलेली, विजेवर चालणारी पॅसेंजर. तिच्या मोटारी डब्यांखाली वाटलेल्या असतात, त्यामुळे ती चटकन वेग घेते, आणि टोकाला पोचल्यावर इंजिन काढून दुसरीकडे जोडावं लागत नाही. एक मेमू तीस-चाळीस बसची माणसं एका वेळी उचलते. आता हिशेब करा. कुर्डुवाडी ते सोलापूर ते अक्कलकोट रोड हा सगळा टप्पा सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. सगळी स्टेशनं घेत, वाट देत जाणारी गाडी तीन तास खाईल. टोकाला अर्धा तास धरला तर एक फेरा सात तासांचा. म्हणजे एका गाडीत दिवसाला दोन फेरे, फार तर. मग त्या दोन फेऱ्या कोणत्या वेळेला, हाच सगळा खेळ आहे. कुर्डुवाडीकडून येणारी मेमू सोलापुरात साडेनऊच्या आत लागली पाहिजे आणि संध्याकाळी साडेसहाला सुटली पाहिजे. अकराला पोचणारी गाडी दिली तर ती आपण चालवलेली नाही, नुसती दाखवलेली असते.

एक प्रसंग सांगतो. नोकरीत असताना एका छोट्या स्टेशनला थांबा मिळावा म्हणून गावानं वर्षभर पाठपुरावा केला. थांबा मिळाला, हार-तुरे झाले, पेढे वाटले गेले. सहा महिन्यांनी तिकीटविक्रीचा कागद वर गेला तेव्हा रोजची चार-पाच तिकिटं. 'प्रतिसाद नाही' असा शेरा मारून थांबा काढला. गाडी दुपारी पावणेदोनला यायची. पावणेदोनला गावातला कोण माणूस शहरात निघतो? गावाला थांबा हवा होता, वेळ कुणी मागितलीच नव्हती, आणि आम्हीही विचारली नव्हती.

रेल्वेचं आणखी एक दुखणं, ती वाट वाकडी असते. सोलापूरहून पंढरपूर रस्त्यानं पंचाहत्तरच्या आसपास. रेल्वेनं आधी कुर्डुवाडीला ७९ किलोमीटर जा, मग खाली ५२ किलोमीटर पंढरपूरला या. आषाढीला लांबून येणाऱ्या लाखो माणसांसाठी कुर्डुवाडीचा तो फाटा जीव की प्राण, पण सोलापूरकर पंढरपूरला रेल्वेनं जात नाही आणि जाऊही नये. अक्कलकोटचंही तसंच. स्टेशनाचं नाव अक्कलकोट रोड, आणि तो 'रोड' अकरा किलोमीटरचा. स्वामींच्या दर्शनाला आलेला परगावचा माणूस तिथं उतरून बुचकळ्यात पडतो. थेट एसटी सोलापूर स्टँडवरून चाळीस किलोमीटरात देवळाजवळ सोडते.

(जाता जाता. आपल्या जिल्ह्याला स्वतःची छोटी रेल्वे होती. एव्हरार्ड कालथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं बार्शी लाइट रेल्वे बांधली, अडीच फूट रुंदीच्या रुळांची. १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली, पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. कमी वजनाचे रूळ, हलके पण भरपूर माल घेणारे डबे हा त्याचा विचार तेव्हा जगभर अभ्यासला गेला. ती गाडी बाजाराच्या आणि वारीच्या वेळा धरून माणसं आणि माल एकत्र न्यायची. ब्रॉडगेज झाल्यावर वेग आला, पण ती गावाची गाडी राहिली नाही. मला तिचं जरा जास्तच प्रेम आहे, म्हणून कंस लांबला.)

तुळजापूरमार्गे धाराशिवचा ८४ किलोमीटरचा नवा मार्ग होतोय, तो झाला की चित्र थोडं बदलेल. नवरात्रात आणि कोजागरीला चालत जाणारे चालतच जातील, त्यांना गाडी नकोच असते. पण तुळजापूर तालुक्यातली रोज सोलापूरला येणारी पोरं आणि दवाखान्यात येणारी माणसं त्या गाडीवर येतील. पुन्हा तीच अट, सकाळी वेळेत.

आता कुंभारी. अक्कलकोट रस्त्याला शहराच्या हद्दीबाहेर आधी गोदूताई परुळेकर विडी घरकुल झालं, दहा हजार घरांचं. त्यापलीकडे रे नगर, तीस हजार घरांचं. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. एका घरात चार माणसं धरली तरी दोन्ही मिळून दीड लाखांच्या वरचं गाव उभं राहणार. त्यात कोण राहतं? विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरचे, शिलाईचे, कचरा वेचणारे, रिक्षावाले. यांच्याकडे चारचाकी नाही, दुचाकी असली तर घरातल्या एकाकडे. घर स्वस्तात मिळालं, पण काम पूर्व भागातच राहिलं. रेल्वे तिथून लांब, टिकेकरवाडी-होटगीच्या अंगानं जाते. म्हणजे इथं लोकलचा काडीचा उपयोग नाही. इथं बस लागते, आणि ती थोडीथोडकी नाही.

समजा रे नगर ते स्टेशन एका बाजूचे चौदा किलोमीटर. अक्कलकोट नाका, अशोक चौक, कन्ना चौक अशा गर्दीतून जाताना पंचेचाळीस मिनिटं लागतील, टोकाला पाच मिनिटं विसावा. फेरा शंभर मिनिटांचा. दर दहा मिनिटांनी बस हवी तर दहा गाड्या रस्त्यावर आणि एक राखीव, एकूण अकरा. दर अर्ध्या तासानं म्हटलं तर चार गाड्यांत भागतं. अधिकाऱ्याला चारचा आकडा आवडतो. पण अर्ध्या तासाच्या बसची कुणी वाट पाहत नाही, मधल्या वेळात तीन शेअर रिक्षा भरून जातात. मग बस रिकामी धावते, प्रति किलोमीटर उत्पन्न पडतं, भारमान (भरलेल्या जागांचं प्रमाण) कमी म्हणून तिचीही फेरी कापतात. चार गाड्यांनी केलेली बचत सहा महिन्यांत चारही गाड्या खाते. अकरा लावून वर्षभर तोटा सोसायची तयारी नसेल तर त्या मार्गाला हातच लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि परतीची बस. हे मी शिकलो ते एका मध्यम शहरात, नाव सांगत नाही. नव्या वसाहतीला बस सुरू केली, सकाळच्या फेऱ्या पहिल्या आठवड्यात भरल्या, मग एकाएकी ओस पडल्या. आम्ही भाडं तपासलं, मार्ग तपासला, काही कळेना. शेवटी एका कंडक्टरनं सांगितलं, "साहेब, शेवटची गाडी सव्वासातला आहे आन् पाळी सुटते आठला. येताना रिक्षाच करावी लागते, मग जाताना बस कशाला धरतील?" बाईमाणूस सकाळची बस धरते ती संध्याकाळच्या बसच्या भरवशावर. शेवटची फेरी एक तास पुढे सरकवली आणि सकाळच्या गाड्या भरल्या. रात्रीच्या त्या फेरीत आठ-दहाच माणसं असायची. तोट्याची म्हणून ती काढायला लोक टपलेलेच असतात, पण तिच्या जिवावर दिवसभराच्या दहा फेऱ्या चालतात हे हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

एसटीनं यावर जुना इलाज केलेला आहे, मुक्कामी गाडी. रात्रीची शेवटची बस गावात जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात, पहाटे तीच बस पहिली सुटते. डेपोतून रिकामी जाण्या-येण्याचं डिझेल वाचतं आणि गावाला दोन्ही टोकांच्या फेऱ्या मिळतात. रे नगरला चार-पाच मुक्कामी गाड्या हव्यात. शहरांना विजेच्या बस देणाऱ्या केंद्राच्या पंतप्रधान ई-बस सेवेच्या यादीत सोलापूरचं नाव आलं तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न हाच आला. विजेची बस रात्री चार्जिंगला लागते. चार्जर फक्त डेपोत असतील तर मुक्कामी गाडी संपलीच, रोज रात्री रिकामी परत, पहाटे रिकामी हजर. कुंभारीच्या टोकाला चार्जिंगची जागा आताच मिळवली पाहिजे. घरं बांधताना ती सोडली असती तर आज भांडावं लागलं नसतं.

त्या योजनेत ठेकेदाराला प्रवासी किती यापेक्षा बस किती किलोमीटर धावली यावर पैसे मिळतात. ही पद्धत मला पसंत आहे, कारण मग तोट्याची रात्रीची फेरी कापण्यात ठेकेदाराचा फायदा नसतो. पण लगाम महापालिकेच्या हातात राहतो, आणि तिकडे तिकीट तपासणारी, वेळा मोजणारी माणसं लागतात. बस विकत घेणं सोपं, ती पाच वर्षांनी रस्त्यावर असणं कठीण. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या जुन्या शहर योजनेतून आलेल्या किती गाड्या चासीला तडे गेल्याच्या वादात डेपोत उभ्या राहिल्या, ते सोलापूरकरांना मी सांगायला नको. शिवाय कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात, ग्रामपंचायतीच्या हद्दीत. तोटा शहरानं का सोसायचा, असा प्रश्न सभागृहात येणारच. माझं उत्तर तयार आहे: तिथली माणसं शहराचेच माग चालवतात.

तुमच्याबद्दल. जुळे सोलापूर ते चिंचोळी म्हणजे शहर आडवं ओलांडणं. आसरा, सात रस्ता, एसटी स्टँड, जुना पुणे नाका, बाळे, केगाव, कोंडी. सिटी बसनं दीड तास गेला तर नवल नाही. या मार्गाला दिवसभर बस लावण्यात मला राम वाटत नाही, दुपारी ती रिकामी फिरेल. पाळीच्या वेळेला मात्र सोरेगावकडून केगावच्या बायपासनं थेट गाडी काढता येईल, शहरात न शिरता. सकाळी दोन, दुपारच्या पाळीला एक, रात्री परतीच्या दोन. वाटेत केगावला विद्यापीठ आहे, ती मुलंही मिळतील. अशी गाडी सिटी बसनं चालवावी की कारखान्यांनी वर्गणी काढून, यावर भांडण होईल. होऊ द्या, पण आधी माणसं मोजा.

निवेदन देण्याआधी हे काम करा. तीन-चार जणांनी आसरा चौकात आणि चिंचोळीच्या फाटकावर आठवडाभर उभं राहा. वडाप किती, त्यात माणसं किती, दुचाकीवर डबल सीट किती. प्रत्येकाला विचारा, पाळी कितीला सुटते आणि काल घरी कितीला पोचलात. हा दुसरा रकाना आधी आखा, कारण बाकी सगळं लिहून झाल्यावर त्याला जागा उरत नाही. भावाला सांगा, त्यानंही मोहोळ स्टेशनवर तेच करावं, आणि सोलापुरात उतरल्यावर कॉलेजपर्यंत तो कशानं जातो तेही लिहावं. स्टेशन आणि एसटी स्टँड यांच्यात दीड-दोन किलोमीटरच आहेत, पण रेल्वेच्या वेळेला जुळणारी बस त्या दोघांना जोडते का, हे त्याच्या वहीतून आठवड्यात कळेल.